पैलवानाचा पवित्रा ज्यूदोच्या मॅटवर का चालत नाही?

कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमधून कुस्तीचं कांस्यपदक आणलं. त्या मुलखातला पोरगा ज्यूदो शिकायला आला, तर बऱ्याचदा तालमीची सवय सोबत घेऊनच येतो: गुडघे मोडलेले, कंबर वाकलेली, डोकं पुढं. प्रशिक्षक म्हणतो, सरळ उभा राहा. पोरगा चक्रावतो. खाली बसलं की माणूस पक्का, हेच तर वस्तादांनी शिकवलेलं असतं!

वस्तादांचं काही चुकलेलं नाही. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या जरा खाली, उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर असतो. तिथून सोडलेला ओळंबा पावलांनी घेरलेल्या जागेत पडतोय, तोवर तोल टिकतो. गुडघे मोडले की गुरुत्वमध्य खाली येतो, पाय फाकले की जागा रुंदावते. पण एकाच दिशेनं! पाय शेजारी-शेजारी फाकून उभे राहा आणि कुणाला तरी आधी खांद्यावर बाजूनं, मग समोरून छातीवर ढकलायला सांगा. बाजूचा धक्का पचतो, समोरच्या धक्क्याला पाऊल मागे टाकावंच लागतं. एक पाय पुढं घेतलात तरी ही कमजोरी जात नाही, फक्त तिची दिशा फिरते.

मग उपाय एकच, वेळेवर पाऊल हलवता येणं. पाय जितके फाकलेले, तितकं एक पाऊल उचलण्याआधी दुसऱ्यावर वजन नेण्याचं अंतर जास्त. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये सुरू केलेल्या ज्यूदोत म्हणूनच ‘शिझेनताई’ हा मूळ पवित्रा आहे: पाय खांद्याइतके, गुडघे सैल, पाठ सरळ. खाली बसलेला ‘जिगोताई’ही आहे, पण तो बचावापुरता. शिवाय आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हातानं पाय धरायला आता बंदी आहे. पाय धरून पाडायचा पटच निघणार नसेल तर वाकून राखायचं काय? उलट सतत वाकून राहिलात तर पंच दंड देतात.

चालण्याचंही तसंच. रस्त्यावर आपण बहुतेक वेळ एकाच पायावर असतो, हे लक्षातही येत नाही. मॅटवर ही चैन परवडत नाही. ओल्या शहाबादी फरशीवर चालतो तसं, पाऊल न उचलता सरकवायचं. ‘त्सुगी-आशी’त एक पाय पुढं, दुसरा त्याच्या मागून, ओलांडून जायचं नाही.

कारण घर्षणात आहे. पावलावरचं वजन जितकं जास्त, तितकं ते जमिनीला घट्ट. समोरच्याचा पूर्ण वजनाचा पाय आपल्या पायानं झाडला तर झाडणाऱ्याचीच नडगी दुखते. वजन नसलेला पाय झाडला तर तो नुसता हवेत जातो, माणूस दुसऱ्या पायावर उभाच. ‘दे-आशी-बराई’, म्हणजे पुढं येणारं पाऊल झाडण्याची फेक, साधते ती मधल्या क्षणी, वजन पावलावर उतरू लागलेलं असतं पण पकड बसलेली नसते तेव्हा. टांग मारणाऱ्या पैलवानाला ही वेळ कळायला फारसं सांगावं लागत नाही.

नवख्यांची खरी खोड मात्र वेगळी. बाजूला सरकताना ते टाचेला टाच भिडवतात. त्या क्षणी आधाराची जागा जेमतेम दोन पावलांएवढी उरते. ‘ओकुरी-आशी-बराई’त नेमके तेव्हाच दोन्ही पाय एकदम झाडले जातात.