गुडघा सारखाच झिजलाय, मग ऑपरेशन एकीचंच का?

कोल्हापुरात कुठल्याही हाडाच्या दवाखान्यात तासभर बसा, "वाटी घासलीय", "गॅप पडलाय", "वंगण संपलंय" हे कानावर पडणारच. झिजते ती हाडाच्या टोकावरची कूर्चा, म्हणजे गुळगुळीत गादी, आणि तिच्यात रक्तवाहिन्याच नसल्यामुळे ती झीज नीट भरून येत नाही, मग गोळ्या, इंजेक्शन करत करत शेवटी गाडी गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनवर, म्हणजे नी रिप्लेसमेंटवर येते.

पण येते कुणाची? अमेरिकेत पासष्टीच्या पुढं मेडिकेअर हा सरकारी विमा असतो, म्हणजे पैशाचा प्रश्न बराचसा मिटला म्हणायचा. तरी १९९८ ते २००० या काळात दर हजार गोऱ्या पुरुषांमागं वर्षाला ४.८२ ऑपरेशनं झाली आणि काळ्या पुरुषांमागं फक्त १.८४, निम्म्याहूनही कमी!

याहून भारी गोष्ट एक्स-रेची आहे. झीज किती ते ठरवायची केलग्रेन-लॉरेन्स ही मोजपट्टी १९५७ सालची, इंग्लंडमधली, आजही तीच वापरतात. एकाच ग्रेडचा गुडघा असला तरी काळे पेशंट जास्त दुखतं म्हणून सांगायचे, आणि काळ्या-गोऱ्यांच्या दुखण्यातला फरक त्या ग्रेडवरून जेमतेम ९ टक्केच उलगडायचा. २०२१ मध्ये संशोधकांनी कॉम्प्युटरला तेच एक्स-रे दाखवले, पण शिकवताना डॉक्टरचा ग्रेड न देता पेशंटनं सांगितलेलं दुखणं दिलं, तर ४३ टक्के फरक उलगडला. गरीब आणि कमी शिकलेल्या पेशंटच्या बाबतीतही असंच काहीसं निघालं. म्हणजे ते सगळं दुखणं मनाचं नव्हतं, त्यातलं बरंच फोटोतच होतं, बघणाऱ्याला दिसत नव्हतं.

आपल्याकडं वर्णाचा नसला तरी खिशाचा फरक आहेच. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं इम्प्लांटच्या, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीला लगाम घातला, नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी असा झाला, चांगलंच झालं ते. पण गगनबावड्याकडच्या एखाद्या मावशीचं बिल तेवढ्यावर थोडंच भागतंय, बुडालेला रोजगार, सोबत राहणाऱ्या लेकीचा खाडा, फिजिओथेरपीसाठी एसटीच्या खेपा, हे कुठल्या पॅकेजमध्ये धरायचं? शिवाय ऑपरेशननंतर उकिडवं बसू नका म्हणतात, मग म्हशीची धार कुणी काढायची, आणि घरात कमोड तरी कुठाय? या हिशेबापायीच कितीतरी बायका "बघू पुढच्या वर्षी" म्हणत लंगडत राहतात, आणि दवाखान्यात मात्र "पेशंटच तयार नाही" असं होऊन बसतं.

तपासायला गेलात तर नुसतं "दुखतंय" म्हणून थांबू नका. धारेला किती वेळ बसवतं, जिना चढताना कठडा धरावा लागतो का, रात्री झोपमोड होते का, सगळं सांगा, एक्स-रेत यातलं काही लिहून येत नाही.