जहाजावरच्या सुरक्षेचं प्रशिक्षण: तुमची पायरी कोणती, पात्रता काय, कागद कोणते

जॉइनिंगचं पत्र हातात पडलं की नवीन मुलं विचारतात, "सिक्युरिटीचा कोर्स झालाय, चालेल ना?" मी विचारतो, "कुठला?" तिथे बहुतेक जण अडखळतात. सर्टिफिकेट फाइलमध्ये असतं, पण ते नेमकं कशाचं हे पाहिलेलं नसतं. मग जहाजावर गँगवेच्या, म्हणजे चढण्या-उतरण्याच्या शिडीच्या, ड्यूटीला उभं करायची वेळ आली की कळतं, हातातला कागद एक पायरी खालचा आहे. म्हणून फी भरण्याच्या आधी हा गुंता सोडवून घ्या.

हे सगळं कुठून आलं ते थोडक्यात सांगतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, डिसेंबर २००२ मध्ये जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेची नियमावली, म्हणजे आयएसपीएस कोड, मंजूर केला आणि १ जुलै २००४ पासून तो लागू झाला. आंतरराष्ट्रीय प्रवास करणारी प्रवासी जहाजं आणि ५०० ग्रॉस टनेजपासून पुढची मालवाहू जहाजं त्यात येतात. सुरुवातीला सगळा भर जहाजाच्या सुरक्षा अधिकाऱ्यावर होता. पुढे सोमालियाच्या किनाऱ्याजवळ चाचेगिरी इतकी वाढली की एका अधिकाऱ्याने शहाणं असून भागत नाही हे सगळ्यांना कळून चुकलं. २०१० मध्ये मनिला इथे एसटीसीडब्ल्यूची, म्हणजे खलाशांचं प्रशिक्षण आणि सर्टिफिकेट ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराची, मोठी दुरुस्ती झाली. ती १ जानेवारी २०१२ पासून लागू आहे, आणि तिने सुरक्षेचं प्रशिक्षण कॅप्टनपासून मेसमनपर्यंत प्रत्येकाला बंधनकारक केलं.

आता पायऱ्या. सर्टिफिकेट वर्गात बसून मिळणाऱ्या तीन आहेत, आणि एक अशी आहे जी जहाजावरच होते.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे सिक्युरिटी अवेअरनेस. ज्याच्यावर सुरक्षेचं कोणतंही ठरावीक काम सोपवलेलं नाही, पण जो जहाजाच्या क्रूमध्ये आहे, त्याच्यासाठी. एसटीसीडब्ल्यूचा नियम सहा-सहा (कागदावर VI/6), तक्ता ए-सहा-सहा-एक (A-VI/6-1). धोका कसा ओळखायचा, संशयास्पद काही दिसलं तर कोणाला सांगायचं आणि सुरक्षेबाबतची कुठली माहिती बाहेर बोलायची नाही, एवढा तिचा आवाका.

दुसरी पायरी डेझिग्नेटेड सिक्युरिटी ड्यूटीजची, बोलीभाषेत डीएसडी. नियम तोच, तक्ता मात्र ए-सहा-सहा-दोन. जहाजाच्या सुरक्षा आराखड्यात ज्याच्या नावावर किंवा हुद्द्यावर काम लिहिलेलं आहे, त्याला ही लागते. यात गँगवे वॉच, चाच्यांवर नजर ठेवणारा लुकआउट, जहाजाची झडती, आलेल्यांची तपासणी, सील तपासणं हे सगळं येतं. तुम्ही ओएस किंवा एबी म्हणजे डेकवरचे खलाशी असा, इंजिनातले ऑइलर असा किंवा शिकाऊ कॅडेट, यातलं काहीतरी तुमच्या वाट्याला येणारच. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की डेक आणि इंजिनच्या मुलांनी अवेअरनेसवर न थांबता थेट डीएसडी करावं. अवेअरनेसचे विषय त्यात अंतर्भूत असतात आणि अनेक देशांची प्रशासनं त्याला वेगळं अवेअरनेस सर्टिफिकेट मागत नाहीत. तरीही ज्या देशाकडून तुमचं सर्टिफिकेट निघणार, त्याचं परिपत्रक एकदा स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

तिसरी पायरी शिप सिक्युरिटी ऑफिसर, एसएसओ. नियम सहा-पाच. इथे पात्रतेची अट खरी आहे: किमान १२ महिन्यांची मान्य समुद्रसेवा, किंवा पुरेशी समुद्रसेवा आणि जहाज कसं चालतं याचं ज्ञान. पहिल्या दोन पायऱ्यांना समुद्रसेवेची अट नाही, म्हणून फ्रेशरही ते कोर्स करू शकतो. वयाचं म्हणाल तर एसटीसीडब्ल्यूखालच्या कुठल्याही सर्टिफिकेटसाठी उमेदवार १६ वर्षांहून लहान चालत नाही, देशाचा नियम याहून कडक असू शकतो.

इथेच एक गैरसमज काढून टाकतो. "अँटी पायरसी कोर्स" नावाचं वेगळं सर्टिफिकेट एसटीसीडब्ल्यूमध्ये नाही. चाचेगिरी आणि सशस्त्र दरोड्याचा भाग वरच्या तिन्ही अभ्यासक्रमांत विणलेला आहे. कोणी वेगळा कोर्स सक्तीचा म्हणून गळ्यात मारत असेल तर त्याला नियमाचा क्रमांक विचारा. आणि यात बंदूक चालवायला शिकवत नाहीत. खलाशाने चाच्यांशी लढावं अशी अपेक्षाच नाही. काही जहाजांवर सशस्त्र रक्षक असतात, ती वेगळ्या कंपनीची माणसं असतात आणि त्यांचे नियम वेगळे.

मग शिकवतात काय? एसएसओ असताना नव्या मुलांना मी पहिली दाखवायचो ती गोष्ट म्हणजे जहाजाच्या गुप्त अलार्मचं बटण. जहाजावर ते किमान दोन ठिकाणी असलंच पाहिजे, त्यातलं एक ब्रिजवर. दाबलं तर काहीच ऐकू येत नाही. भोंगा वाजत नाही, आसपासच्या जहाजांना संदेश जात नाही. किनाऱ्यावर ठरलेल्या यंत्रणेला मात्र कळतं की हे जहाज धोक्यात आहे. चाचा शेजारी उभा असतानाही ते दाबता यावं म्हणून ते असं मुकं ठेवलंय. हे ज्याला ठाऊक नसतं तो घाबरून पुन्हा पुन्हा दाबत बसतो आणि हात कुठे जातोय ते समोरच्याला दिसतं.

झडतीचंही तसंच. कॅडेट होतो तेव्हा बंदर सोडण्याआधीच्या झडतीत मला पेंट लॉकर तपासायला पाठवलं होतं. सील शाबूत होतं, मी यादीवर टिक केली आणि वर आलो. सेकंड ऑफिसरने विचारलं, "नंबर?" मी नंबर पाहिलाच नव्हता. परत गेलो, तर सीलवरचा आकडा रजिस्टरमधल्या आकड्याशी जुळेना. शोध घेतल्यावर कळलं की रंगाचा डबा काढायला लॉकर उघडला गेला होता आणि नवं सील लावून नोंद करायची राहून गेली होती. घोटाळा काहीच नव्हता. पण आत माणूस लपला असता तरी माझी टिक तशीच पडली असती. डीएसडीच्या वर्गात झडतीची यादी हातात देतील तेव्हा सीलचा नंबर लिहायचा रकाना रिकामा सोडू नका.

चाचेगिरीच्या भागात बीएमपी नावाची मार्गदर्शिका शिकवतात. तिची पाचवी आवृत्ती २०१८ ची, त्यानंतर २०२५ मध्ये नवी आली. काटेरी तारांचं कुंपण, पाण्याचे फवारे, बंद केलेले जिने, जास्तीचे लुकआउट, आणि प्रवासाची आगाऊ नोंद कुठे करायची, हे त्यात असतं. जहाजांकडून अशा नोंदी घेणारी केंद्रं ठरलेली आहेत: हिंदी महासागराच्या पश्चिम भागात यूकेएमटीओला कळवतात, गिनीच्या आखातात एमडीएटी-जीओजीला. सगळ्यात जीव लावून ऐकायचा विषय म्हणजे सिटाडेल, जहाजाच्या आतला मजबूत, आधीच ठरवून तयार केलेला आसरा. तिथे अन्नपाणी हवं, बाहेरच्या जगाशी थेट संपर्क हवा, आणि आत जाताना एकही माणूस मागे राहता कामा नये. एक जण जरी बाहेर चाच्यांच्या हाती लागला तर सिटाडेलचा सगळा उपयोग संपतो. जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाच्या किनाऱ्याजवळ लीला नॉरफोक या जहाजावर सशस्त्र माणसं चढली. २१ जणांचा क्रू सिटाडेलमध्ये शिरला आणि भारतीय नौदलाच्या कमांडोंनी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. हजेरी पूर्ण होती म्हणून ते जमलं. वर्गात मोजणीचा सराव घेतात तेव्हा काही जण हसतात, मला त्या हसण्याचा फार राग येतो.

आता अर्जाकडे येऊ. आधी संस्था निवडा. ती ज्या देशाच्या सागरी प्रशासनाने मान्य केली आहे, त्याच्या अधिकृत यादीत तिचं नाव आणि तिथला हा विशिष्ट कोर्स आहे का ते पाहा. संस्था मान्य आहे पण हा कोर्स मान्य नाही, असंही घडतं. जागा ठरल्यावर साधारण हे कागद लागतात: पासपोर्ट, सीडीसी म्हणजेच नाविकाची नोंदवही, काही देशांत तिला सीमन्स बुक म्हणतात, पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि मान्य डॉक्टरचं वैद्यकीय प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र एसटीसीडब्ल्यूनुसार जास्तीत जास्त २ वर्षं चालतं आणि १८ वर्षांखालच्यांसाठी १ वर्ष. पहिल्यांदा जाणाऱ्याकडे सीडीसी नसते, त्याच्यासाठी संस्थेला वेगळा ओळखपत्र क्रमांक चालतो का ते आधी विचारा. एसएसओसाठी याबरोबर समुद्रसेवेचा पुरावा जोडावा लागतो: सीडीसीतल्या साइन ऑन आणि साइन ऑफच्या नोंदी, किंवा कंपनीचं सी सर्व्हिस लेटर. दोन्हीतल्या तारखा एकमेकींशी जुळतात का ते घरीच बसून तपासा. एका दिवसाचा फरक पडला तरी अर्ज परत येतो.

नावाचं स्पेलिंग सगळीकडे पासपोर्टप्रमाणे हवं. वडिलांचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, ही नेहमीची चूक आहे, आणि ती निस्तरायला पुढे फार वेळ जातो.

कोर्स वर्गात होतो, बरोबर प्रात्यक्षिकं असतात आणि शेवटी मूल्यमापन. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. यशस्वी झालात की सर्टिफिकेट ऑफ प्रोफिशियन्सी मिळतं. ते हातात येताच तिथेच उभं राहून चार गोष्टी वाचा: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट किंवा सीडीसीचा क्रमांक, आणि एसटीसीडब्ल्यूचा नियम आणि तक्ता. डीएसडी केलं असेल आणि कागदावर ए-सहा-सहा-एक छापलं असेल, तर पोर्ट स्टेटच्या, म्हणजे जहाज ज्या देशाच्या बंदरात लागलंय त्याच्या, तपासनिसासाठी तुम्ही अवेअरनेसवालेच. संस्थेच्या दारातच दुरुस्ती करून घेणं सोपं असतं, बंदरात उभ्या असलेल्या जहाजावरून ते होत नाही. घरी गेल्यावर प्रशासनाच्या संकेतस्थळावर तुमचा सर्टिफिकेट क्रमांक टाकून पाहा. २०१७ पासून सर्टिफिकेटची स्थिती ऑनलाइन पाहता येईल अशी सोय करणं एसटीसीडब्ल्यूच्या सदस्य देशांना बंधनकारक आहे. तिथे नोंद सापडली नाही तर लगेच संस्थेला लेखी कळवा आणि पोच घ्या.

मूळ प्रत जहाजावर जवळ ठेवावी लागते. जानेवारी २०२५ पासून इलेक्ट्रॉनिक सर्टिफिकेटलाही करारात मान्यता आहे, पण ते तसं दिलेलं असलं तरच, स्वतः काढलेला फोटो त्यात येत नाही. मुदतीबाबतही खूप विचारणा होते. आग विझवण्याच्या आणि जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणाची दर ५ वर्षांनी उजळणी दाखवावी लागते. सुरक्षेच्या या तीन सर्टिफिकेटांना एसटीसीडब्ल्यूने तशी अट घातलेली नाही. दर ५ वर्षांनी नवा कोर्स करायला कोणी सांगितलं तर कुठल्या नियमाखाली ते विचारा. काही ध्वज देश, म्हणजे जिथे जहाजाची नोंदणी असते ते देश, एसएसओसाठी आपला वेगळा कागद मागतात, तो अर्ज बहुतेक वेळा कंपनीच करून देते. विचारून ठेवा.

नोकरीच्या कराराचा मसुदाही याच वेळी वाचा. चाच्यांनी ओलीस धरलं तर त्या काळात नोकरीचा करार चालू राहतो आणि पगार थांबत नाही, अशी तरतूद आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात डिसेंबर २०२० पासून आहे. घरच्यांनाही हे सांगून ठेवा. ती वेळ आलीच तर कंपनीशी बोलायला तेच असतील.

आणि जी पायरी जहाजावर होते, ती राहिली. सर्टिफिकेट कितीही असली तरी कामाला लागण्याआधी एसएसओकडून किंवा तितक्याच पात्र माणसाकडून त्या जहाजाची सुरक्षाविषयक ओळख करून घेणं सक्तीचं आहे. घटना कोणाला कळवायची, धोका दिसल्यावर काय करायचं, आणीबाणीत तुमची जागा कुठे, हे त्यात सांगतात. जॉइनिंगच्या दिवशी सामान केबिनमध्ये टाकेपर्यंत समोर फॉर्म येतो आणि "इथे सही कर" म्हणतात. सही करण्याआधी एसएसओला म्हणा, सर, सिटाडेल दाखवा, माझी मस्टर स्टेशनची, म्हणजे आणीबाणीत जमायची, जागा दाखवा, आजची सुरक्षा पातळी कोणती आहे ते सांगा. चांगला एसएसओ रागावणार नाही, तुमच्याबरोबर खाली उतरेल. पाहून झालं की सही करा, आणि सहीखाली वेळही लिहा.