रक्तदाब शून्य असलेल्या पस्तीस बायका

भाचीचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता, कॉम्प्युटरला मधुमेह ओळखायला शिकवण्याचा. "मामा, ऐंशीच्या जवळ अ‍ॅक्युरसी येतेय!" म्हणत तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. मी तक्ता खाली खाली नेत होतो, तेवढ्यात रक्तदाबाच्या रकान्यात ० दिसला. थोडं पुढे आणखी एक. मोजले तर पस्तीस निघाले.

"अगं, रक्तदाब शून्य म्हणजे ही बाई गेली की!"

"डेटा असाच आलाय," ती म्हणाली.

खरंच तो तसाच आलाय, आणि अनेक वर्षं तसाच फिरतोय. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहराजवळ पिमा आदिवासी राहतात. मधुमेहाचं प्रमाण त्यांच्यात इतकं जास्त, की तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने १९६५पासून त्यांचा पाठपुरावा केला. त्यातल्या २१ वर्षं आणि त्यावरच्या ७६८ बायकांच्या नोंदी १९८८ साली एका शोधनिबंधात वापरल्या गेल्या. प्रत्येकीची आठ मापं घेतलेली: गर्भारपणं किती, ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर किती, खालचा रक्तदाब, दंडावरच्या कातडीच्या घडीची जाडी, इन्शुलिन, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, त्याचा आकडा), घराण्यातला मधुमेह आणि वय. शेवटच्या रकान्यात उत्तर: पाच वर्षांत मधुमेह निघाला की नाही. २६८ जणींना निघाला.

इथेच एक गणित करून टाकू. डोळे मिटून सगळ्यांना 'नाही' म्हणणारा दगडसुद्धा ६५ टक्के वेळा बरोबर ठरतो. म्हणजे ऐंशीचं कौतुक करायचं ते पासष्टच्या वरच्या भागाचं.

आता ते शून्य. जे माप घेतलंच नव्हतं, तिथे ० भरलेला आहे. इन्शुलिनच्या रकान्यात असे ३७४ शून्य आहेत, जवळजवळ निम्म्या बायका! बीएमआयमध्ये ११. गंमत अशी की गर्भारपणाच्या रकान्यातला शून्य खरा असू शकतो. माणसाला हा फरक सांगावा लागत नाही, यंत्राला सांगावाच लागतो. नाहीतर ते रक्तदाबाच्या शून्याला ऐंशीपेक्षा कमी असलेला एक आकडा समजून मुकाट्याने पुढे जातं.

भाचीने 'डिसिजन ट्री', म्हणजे निर्णयाचं झाड, वापरला होता. ही डेटा मायनिंगमधली, म्हणजे नोंदींच्या ढिगातून नियम शोधण्यातली, सगळ्यात समजण्याजोगी रीत. कोणत्या एका प्रश्नाने आजारी आणि निरोगी सर्वांत स्वच्छ वेगळे होतात, हे यंत्र सगळे आकडे चाळून शोधतं. मग उरलेल्या प्रत्येक गटात पुन्हा तेच. या डेटावर पहिला प्रश्न साखरेचा निघतो: १२७पर्यंत की वर? कमी असेल तर दुसरा बीएमआयचा: २६.४पर्यंत? हो असेल तर फांदी संपली, मधुमेह नाही. या फांदीवर १३२ बायका येतात आणि त्यांतल्या फक्त तिघी मधुमेही. नियम छानच आहे, पण पिमांसाठी.

कारण २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला होता, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. वरून सडपातळ, आतून चरबीदार, असा आपला पिंड. आपल्याकडे मधुमेह बीएमआयच्या बऱ्याच अलीकडच्या टप्प्यावर गाठतो. पिमांच्या वहीतून शिकलेल्या झाडाला हे कळावं कुठून?

चेन्नईत डॉ. व्ही. मोहन यांच्या चमूने आपल्याच लोकांच्या नोंदींतून काम केलं आणि २००५ साली चार प्रश्नांची गुणपत्रिका काढली. वय, कंबर, अंगमेहनत, आईवडिलांचा मधुमेह. सुईसुद्धा नको. शंभरपैकी ६० किंवा जास्त गुण आले की रक्त तपासायचं. ती अचूक आहे असं नाही. खऱ्या मधुमेह्यांपैकी साधारण ७२ टक्के तिच्या जाळ्यात येतात आणि निरोगी लोकांपैकी ४० टक्क्यांना विनाकारण लॅबची पायरी चढावी लागते. मला हा सौदा परवडणारा वाटतो.

त्या रविवारी आम्ही भाऊजींनाच दोन्हीकडे घातलं. बीएमआय २४. साखर? "कशाला तपासायची, मला काय झालंय?" भाचीने गमतीने ० टाकला. झाड म्हणालं, निगेटिव्ह. मग ताईच्या शिवणकामातली टेप आणली. वय ५३, गुण ३०. कंबर ९६ सेंटिमीटर, १०. व्यायाम म्हणजे रिमोट शोधणं, ३०. त्यांच्या वडिलांना मधुमेह होता, १०. एकूण ८०.

भाऊजींनी टेप स्वतःच्या हाताने पुन्हा लावून पाहिली, पोट आत ओढून. सोमवारी सकाळी साडेसातला लॅबवाला यायचाय.