सायबेरियाचा पक्षी नॉर्फोकमध्ये काय करतो?

इंग्लंडच्या किनाऱ्यावर एखादा आशियाई पक्षी दिसला की बातमीतलं वाक्य ठरलेलं असतं: वादळात भरकटून आला. वाचणाऱ्याला ते पटतंही. अशा पाहुण्यांतला एक म्हणजे पिवळ्या भुवईचा वटवट्या, किडे टिपणारा चिमुकला पक्षी. त्याचं वजन असतं सहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पितळी पाच रुपयांच्या नाण्याएवढं. वाऱ्याने त्याला उडवून नेलं तर नवल काय?

पण हिशोब करून बघा. या पक्ष्याची वीण सायबेरियात, हिवाळा आग्नेय आशियात. सर्वांत पश्चिमेचं घरटं धरलं, म्हणजे उरल पर्वताच्या आसपासचं, तरी तिथून नॉर्फोक, म्हणजे इंग्लंडचा पूर्व किनारा, साडेतीन हजार किलोमीटरवर आहे. इतकं अंतर एकाच दिशेला वाहत राहणारं वादळ नसतं. शिवाय हा पक्षी आता दर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये शेकड्यांनी येतो. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच किनाऱ्यावर, इतके जण भरकटतात, हे काही खरं नाही.

नॉर्फोकचा नकाशा पाहिला की निम्मं कोडं सुटतं. हा परगणा उत्तर समुद्रात पोटासारखा पुढे आलेला आहे, त्यामुळे पूर्वेकडून समुद्र ओलांडणाऱ्या दमलेल्या पक्ष्याला पहिली जमीन बरेचदा हीच लागते. ब्लेकनी पॉइंटची वाळूची जीभ, क्लायचा दलदलीचा पट्टा, होकम आणि वेल्स (हे नॉर्फोकमधलं गाव, वेल्स देश नव्हे) इथल्या वाळूच्या टेकड्यांवर लावलेली पाइनची झाडी. क्लायची दलदल १९२६ मध्ये विकत घेऊन नॉर्फोकच्या लोकांनी ब्रिटनमधली पहिली परगणा-पातळीवरची वन्यजीव संस्था उभी केली. त्याच्या तीस वर्षं आधी, १८९६ मध्ये, याच क्लायला पॅलसचा वटवट्या, पिवळ्या भुवईवाल्याचा सायबेरियातला भाऊबंद, ब्रिटनमध्ये पहिल्यांदा सापडला. सापडला म्हणजे गोळी घालून पाडला. तेव्हा नोंद करायची रीत तीच होती.

परगण्यातले बाकीचे मानकरीही आहेत. हिकलिंग आणि हॉर्सीच्या पाणथळीत १९७९ मध्ये क्रौंच उतरले आणि जवळजवळ चारशे वर्षांच्या खंडानंतर ब्रिटनमध्ये पुन्हा वीण करू लागले. बिटर्न हा बोरूच्या बेटात लपणारा बगळ्याचा भाऊबंद. एकोणिसाव्या शतकात त्याची ब्रिटनमधली वीण संपली होती. १९११ मध्ये एमा टर्नर यांनी हिकलिंगला त्याच्या पिल्लाचा फोटो काढला, आणि तो परत आल्याचा पुरावा मिळाला. ब्रेकलँडच्या माळावर, वीटिंग हीथला, आपल्या करवानकाचा सख्खा चुलतभाऊ भेटतो: तेच मोठे पिवळे डोळे, तीच रात्रीची आरोळी. रात्री आकाशातून ऐकू येणाऱ्या पक्ष्यांच्या शिट्ट्यांना इंग्लंडात ‘सात शिट्टीवाले’ म्हणत, आणि ती ऐकली तर खाणकामगार त्या दिवशी खाणीत उतरायला तयार नसत. आपल्याकडे टिटवीच्या नावाने जे चालतं त्याचीच ही गोरी आवृत्ती. वरून जात असतात ते स्थलांतर करणारे पाणपक्षी, दुसरं कोणी नाही.

पण माझा जीव अडकलाय त्या सहा ग्रॅमच्या पक्ष्यात. त्याला दिशा सांगतं कोण?

लहान गाणारे पक्षी बहुतेक रात्री आणि एकेकटे प्रवास करतात. पिल्लू चार महिन्यांचंही नसतं आणि आईबाप वाट दाखवायला सोबत नसतात. तरी ते निघतं, कारण दिशा त्याला जन्मतःच मिळालेली असते. ही गोष्ट प्रयोगाने दाखवता येते. स्थलांतराचा हंगाम आला की पिंजऱ्यातला पक्षीसुद्धा रात्री अस्वस्थ होतो. १९६६ मध्ये स्टीफन एमलेन आणि त्यांच्या वडिलांनी एक साधा पिंजरा सुचवला: नरसाळ्याचा आकार, तळाला शाईचं पॅड, उतरत्या भिंतींना कागद, वर जाळी. पक्षी ज्या बाजूला उड्या मारेल तिकडच्या कागदावर शाईची पावलं जास्त उमटतात. सकाळी कागद उघडून बघायचा.

याच नरसाळ्यात जर्मनीत ब्लॅककॅप नावाचे वटवटे ठेवले गेले. नैर्ऋत्येला जाणारे जर्मनीतले आणि आग्नेयेला जाणारे ऑस्ट्रियातले पक्षी यांचा आंद्रेयास हेल्बिग यांनी संकर केला. पिल्लांनी दिशा निवडली दोन्हींच्या मधली, दक्षिण. डोळ्यांचा रंग यावा तशी दिशा वारशाने आली होती (निष्कर्ष १९९१ मध्ये छापून आला).

आता दिशा ओळखायची कशी? सूर्य आणि तारे आहेतच, शिवाय पृथ्वीचं चुंबकत्व. मात्र पक्ष्याचा होकायंत्र आपल्या शाळेतल्यासारखा नाही. आपली सुई उत्तर दाखवते. पक्ष्याला उत्तर-दक्षिण टोकं कळत नाहीत. त्याला कळतो तो चुंबकीय रेषांचा जमिनीशी होणारा कोन. नॉर्फोकमध्ये या रेषा साधारण ६७ अंशांनी जमिनीत शिरतात, महाराष्ट्रात त्याच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे पक्ष्यापुढे दोनच बाजू असतात, ध्रुवाकडची आणि विषुववृत्ताकडची. फ्रँकफर्टमध्ये वोल्फगांग विल्चको यांनी रॉबिन पक्ष्यांभोवती कृत्रिम चुंबकक्षेत्र उलटंसुलटं करून हे सिद्ध केलं.

हा कोन टिपणारं यंत्र डोळ्यात असावं असा अंदाज आहे. दृष्टिपटलात क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन असतं. निळा प्रकाश पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन जागा सोडतो आणि दोन रेणूंवर एकेक जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन उरतो. या दोघांचं फिरणं परस्परांशी बांधलेलं असतं. ते कधी एका स्थितीत, कधी दुसऱ्या स्थितीत झुलतं. प्रथिन चुंबकक्षेत्राशी कुठला कोन करून आहे त्यावर कुठली स्थिती किती वेळ टिकते हे ठरतं, आणि त्यावरून पुढची रासायनिक क्रिया ठरते. २०२१ मध्ये रॉबिनचं क्रिप्टोक्रोम-४ प्रयोगशाळेत खरोखरच चुंबकाला प्रतिसाद देतं हे दिसलं. तेही परीक्षानळीत, उडणाऱ्या पक्ष्याच्या डोळ्यात अजून कोणी डोकावलेलं नाही. एवढ्या भांडवलावर ‘क्वांटम’ शब्द लावून चुंबकाच्या गाद्या आणि कडी विकणारे आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.

तर आता वाट चुकणं. ज्या यंत्राला दोनच बाजू कळतात, त्याने त्या दोनांची अदलाबदल केली तर काय होईल? पूर्व-आग्नेयेला निघायचं ते पिल्लू नेमकं उलट, पश्चिम-वायव्येला निघेल. सायबेरियातून तशी रेघ ओढली तर ती ब्रिटनवर येते. डेन्मार्कचे योर्गन राबोल यांनी ही उलट्या स्थलांतराची कल्पना मांडली आणि ती बरीच वर्षं चालली. पण सगळे चुकलेले पक्षी नेमके १८० अंशच चुकतात का? ४० किंवा ९० अंश चुकलेला पक्षी मध्य आशियाच्या वाळवंटात उतरत असेल, पण तिथे दुर्बीण लावून कोणी बसलेलं नसतं. नॉर्फोकच्या किनाऱ्यावर मात्र रविवारी झुडपांपेक्षा माणसं जास्त. उत्तर समुद्रावर वाहणारा पूर्वेचा वारा आणि पहाटेचा पाऊस यांचा वाटा आहेच, पण तो शेवटच्या टप्प्यापुरता.

याहून मजेदार शक्यता अशी की ही चूक आता चूक राहिलेली नाही. नेदरलँड्समध्ये पेर्डेक यांनी सुमारे ११,००० स्टार्लिंग (मैनेचे भाऊबंद) हेगजवळ पकडून स्वित्झर्लंडला सोडले होते. मोठ्यांनी दिशा सुधारून नेहमीचा मुक्काम गाठला. पिल्लं ठरल्या दिशेनेच उडत राहिली आणि स्पेनमध्ये पोचली. त्यातली जगलेली पुढच्या हिवाळ्यातही स्पेनमध्येच गेली. म्हणजे पहिली खेप वारशावर आणि दुसरी आठवणीवर. रिचर्डची तिरचिमणी सायबेरियाची. तिच्या हिवाळी मुलखात भारतही येतो, आणि ती शरदात नॉर्फोकच्या कुरणांवरही दिसते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दक्षिण फ्रान्समध्ये हिवाळा काढणाऱ्या तिरचिमण्यांना प्रवासाची वाट नोंदवणारी टिपणयंत्रं लावली होती. त्या तिरचिमण्या उन्हाळ्यात सायबेरियाला जाऊन पुन्हा फ्रान्सला परतल्या. हे भरकटणं नव्हे, हा रुळलेला रस्ता आहे. पिवळ्या भुवईवाल्यांचंही तसंच होत असावं, असं मला वाटतं.

बघायला जाणार असाल तर ऑक्टोबर धरा, आणि वारा पूर्वेचा हवा. वेल्सच्या झाडीत बर्चची एक खोलगट जागा आहे, तिथे लांबशेपट्या टिटचा थवा आला की त्यातला प्रत्येक पक्षी तपासा. वटवट्या पानांच्या खालच्या बाजूला क्षणभर पंख फडफडवत स्थिर राहतो, किडा टिपतो आणि सरकतो. भुवई ठळक, पंखावर दोन फिकट पट्ट्या, आवाज वर चढत जाणारा ‘त्सुईस्ट’. स्टार्लिंगच्या थव्यात वाळूच्या रंगाचं, पिवळसर चोचीचं पिल्लू दिसलं तर ती आपल्या ज्वारीच्या शेतांवर उतरणारी भोरडी.

नोव्हेंबरात पिवळ्या भुवईसारखाच पण राखाडी, मळका दिसणारा आणि चोच-पाय काळसर असलेला वटवट्या आढळला तर कान टवकारा. तो ह्यूमचा वटवट्या. हिवाळ्याला त्याने भारतात यायचं असतं. ज्यांच्यावरून त्याला हे नाव पडलं ते ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, आणि त्यांच्या वडिलांचा बर्नली हॉल हा वाडा नॉर्फोकमध्येच, हॉर्सीच्या शेजारी. या दोन वटवट्यांना वेगळं ओळखायचं ते आवाजावरून: ह्यूमचा ‘त्सुईस्ट’ म्हणत नाही, तुटक दोन अक्षरांत बोलतो.