ब्लिट्झ (खेळातली संज्ञा)

ब्लिट्झ म्हणजे सगळा जोर एका जागी लावून अचानक मारलेली धडक. बुद्धिबळात मात्र अगदी कमी वेळात संपणारा डाव. शब्द मूळचा जर्मन, अर्थ वीज, ढगातून पडते ती, तारेतून वाहते ती नाही. जर्मन माणूस 'ब्लिट्स' म्हणतो, पण स्पेलिंगमधला झेड बघून मराठीत ब्लिट्झ झालं आणि आता तेच रूढ आहे म्हणून इथेही तेच ठेवलंय. हा शब्द खेळात लष्कराकडून आला असं सरसकट सांगितलं जातं. अमेरिकन फुटबॉलपुरतं ते खरं मानायला हरकत नाही, बुद्धिबळाला ते लावता येत नाही.

आधी लष्करी बाजू. 'ब्लिट्झक्रीग' म्हणजे विजेच्या वेगाचं युद्ध. 1 सप्टेंबर 1939 ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, त्याच महिन्यातल्या 25 तारखेच्या 'टाइम' साप्ताहिकात या युद्धाच्या वर्णनात हा शब्द आला आणि तिथून तो इंग्रजीत पसरला. टाइमवाल्यांनीच तो घडवला असंही छापलं जायचं, पण ते टिकत नाही, कारण 1935 च्या सुमाराला जर्मन लष्करी लिखाणात तो सापडतो. गंमत म्हणजे जर्मन सैन्याच्या अधिकृत भाषेत या शब्दाला जवळपास स्थानच नव्हतं, त्यांचा शब्द 'बेवेगुंग्सक्रीग', हालचालींचं युद्ध. खुद्द हिटलरने नोव्हेंबर 1941 च्या भाषणात हा शब्द मी कधी वापरलाच नाही, मूर्खपणाचा शब्द आहे, असं म्हणून हात झटकले (तोवर रशियात गाडं अडायला लागलं होतं, हेही ध्यानात घ्यावं). मे 1940 मध्ये फ्रान्समध्ये जे झालं ते आधीपासून ठरवलेलं शास्त्र होतं की ऐनवेळी जमून गेलेलं, यावर वाद आहे. कार्ल-हाइन्झ फ्रीझर या जर्मन लष्करी इतिहासकाराने 1995 मध्ये दुसरी बाजू मांडली आणि आता बहुतेकांचा कल तिकडेच दिसतो, प्रस्तुत नोंदही तीच धरून चालते. काय घडलं हे मात्र वादातीत आहे: 13 मे ला सेदानजवळ म्यूज नदी ओलांडून जर्मनांनी एक अरुंद भगदाड पाडलं, आणि 20 मे ला त्यांचे रणगाडे इंग्लिश खाडीच्या किनाऱ्यावर.

पुढे शब्दाचं शेपूट तुटलं. 7 सप्टेंबर 1940 पासून लंडनवर बॉम्ब पडायला लागले, सलग 57 रात्री, आणि ब्रिटिश पेपरांनी त्याला नुसतं 'ब्लिट्झ' म्हणायला सुरुवात केली. हे प्रकरण मे 1941 पर्यंत, म्हणजे आठ महिने चाललं, यात विजेसारखं काय होतं ते पेपरवाल्यांनाच ठाऊक.

अमेरिकन फुटबॉलमध्ये शब्द नेमका कशावरून आला, रणगाड्यांवरून की बॉम्बफेकीवरून, याचं उत्तर एकमताने दिलं जात नाही. त्या खेळात लांब फेकलेल्या पासला 'बॉम्ब' म्हणतात, दोन्ही बाजूंच्या धिप्पाड गड्यांची झटापट होते त्या जागेला 'खंदक' म्हणतात, म्हणजे युद्धाची भाषा तिथे होतीच, त्यामुळे बॉम्बफेकही अशक्य नाही. पण खेळ बघितला तर रणगाडे जास्त जवळचे वाटतात. बचाव करणारे अकरा जण. त्यातले साधारण चौघे समोरच्या क्वार्टरबॅकवर, म्हणजे डाव चालवणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या गड्यावर, धावून जातात, सात जण मागे पास अडवायला थांबतात. ब्लिट्झ म्हणजे मागच्यांतला एक, दोन, कधी तीन गडी हातातली राखण सोडून पुढे घुसतात. सहा आले तर क्वार्टरबॅकचं रक्षण करणारे पाचच, कोणीतरी एक मोकळा सुटतो आणि क्वार्टरबॅकला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात. त्यात त्याने घाईने चेंडू फेकला तर ठीक, नाहीतर जमिनीवर. पण हा सरळ जुगार आहे, कारण मागे आता पाचच उरले आणि एखादा पास निसटला की पुढे मैदान रिकामं. एक उलटी गोष्ट सहसा कोणी नोंदवत नाही: युद्धातला ब्लिट्झ चढाई करणाऱ्याचा होता, फुटबॉलमधला बचाव करणाऱ्याचा आहे.

या डावपेचाचं जुनं नाव 'रेड डॉग'. 1948 ते 1950 न्यूयॉर्क जायंट्स या संघाकडून खेळलेल्या डॉन एटिंजरचं टोपणनाव तेच होतं, केस लाल म्हणून, आणि त्याच्यावरूनच डावाला नाव पडलं असं सांगतात. दुसरं मत असं की लाल, निळा, हिरवा हे किती गडी घुसणार याचे सांकेतिक रंग होते. पहिल्या मताला माणूस, संघ आणि वर्षं आहेत म्हणून ते जास्त पटतं, तरी रंगांच्या खुणा नंतर त्यावर चढल्या असतील हे नाकारता येत नाही. साठच्या दशकात 'ब्लिट्झ'ने 'रेड डॉग'ला मागे टाकलं.

त्याच दशकात सेंट लुईस कार्डिनल्सच्या लॅरी विल्सनने सगळ्यात मागे उभं राहणाऱ्या 'सेफ्टी'ने थेट क्वार्टरबॅकवर जायची रीत गाजवली, प्रशिक्षक चक ड्रूलिसच्या या डावाचं सांकेतिक नाव 'वाइल्डकॅट'. हाच विल्सन 1965 मध्ये दोन्ही मोडलेल्या हातांना प्लॅस्टर घालून खेळला आणि तशातही त्याने प्रतिस्पर्ध्याचा पास पकडला. 'झोन ब्लिट्झ' म्हणजे एकीकडून गडी घुसवायचे आणि नेहमी पुढे जाणारा धिप्पाड गडी गुपचूप मागे पाठवायचा. याचं श्रेय प्रशिक्षक डिक लेबोला देतात, पण बिल आर्न्सपार्गरने 1971 मध्ये मायामी डॉल्फिन्समध्ये असंच काही केलं होतं, म्हणून लेबोला जनक म्हणण्यापेक्षा ती रीत घडवून रुजवणारा म्हणणं बरं.

बुद्धिबळात वाट वेगळी. जर्मनमध्ये 'ब्लिट्झपार्टी', म्हणजे झटपट डाव, हा शब्द त्या युद्धाच्या आधीपासून आहे, इंग्रजीतही पूर्वी 'लाइटनिंग चेस' म्हणत, दोन्हीकडे रूपक थेट विजेचं, सैन्य मध्ये कुठेच नाही. तेव्हा बुद्धिबळातला ब्लिट्झ आणि ब्लिट्झक्रीग हे बाप-लेक नसून चुलत भाऊ म्हणावेत. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमात प्रत्येक खेळाडूला 10 मिनिटं किंवा कमी असली की तो ब्लिट्झ, जागतिक स्पर्धेत 3 मिनिटं आणि दर चालीला 2 सेकंदं जादा. 1970 मध्ये तेव्हाच्या युगोस्लावियातल्या हेर्सेग नोवीला पाच-पाच मिनिटांच्या स्पर्धेत बॉबी फिशरने 22 पैकी 19 गुण घेतले, दुसरा आलेला ताल साडेचार गुण मागे.

रग्बीत 'ब्लिट्झ डिफेन्स' म्हणजे बचावाची ओळ एकदम पुढे धावून चेंडू घेणाऱ्याचा वेळ खाते, प्रशिक्षक शॉन एडवर्ड्सने वास्प्स हा इंग्लिश क्लब आणि वेल्सचा संघ यांच्यामध्ये तो नावारूपाला आणला. बास्केटबॉलमध्ये चेंडूवाल्यावर दोघांनी एकदम झडप घालण्याला 'ब्लिट्झ करणं' म्हणतात, हा वापर फुटबॉलवरून आला असावा.