सँटोरिनी आणि क्रीट: एकाच मापानं मोजू नका

दर वर्षी, शेंगेन व्हिसाची धावपळ सुरू होण्याच्या सुमारास, नात्यातलं किंवा ओळखीतलं कुणीतरी मला त्यांचा ग्रीसचा कार्यक्रम पाठवतं. आम्ही जर्मनीत राहतो आणि क्रीटला तीनदा जाऊन आलो आहोत, त्यामुळे मत विचारलं जातं. कार्यक्रम जवळजवळ ठरलेला असतो: अथेन्स दोन दिवस, सँटोरिनी दोन दिवस, क्रीट दोन दिवस. सोबत सहा-सात वर्षांचं मूल आणि सत्तरीला आलेले आजी-आजोबा. क्रीटच्या दोन दिवसांत बालोस आणि एलाफोनिसी हे समुद्रकिनारे, क्नोसोसचा प्राचीन राजवाडा, स्पिनालोंगाचं किल्ल्याचं बेट अशी चार नावं, आणि हॉटेल हेराक्लिऑनला, कारण बोट तिथे लागते.

प्रत्येक वेळी मी एकच गोष्ट समजावते, म्हणून आता नीट लिहून काढते.

सँटोरिनी तुम्हाला ठाऊक आहे. पांढरी घरं, निळे घुमट, मावळतीला इया गावात उसळणारी गर्दी. त्याबद्दल फार सांगत नाही, कुटुंबाला उपयोगी पडेल एवढंच सांगते. फोटोतली घरं समुद्रकाठी नाहीत. ती ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखाच्या कड्यावर आहेत, समुद्र तिथून दोन-तीनशे मीटर खाली. फिरा या बेटाच्या मुख्य गावातून जुन्या बंदरात उतरायला 588 पायऱ्या आहेत किंवा केबल कार. (त्या पायऱ्यांवर गाढवांवर बसून जाऊ नका. भर उन्हात दिवसभर माणसं वाहणारी ती जनावरं पाहवत नाहीत.) कड्यावरच्या गल्ल्या म्हणजे पायऱ्याच पायऱ्या, बाबागाडी तिथे नुसतं ओझं होते. तिथली बरीच हॉटेलं लहान मुलांना घेतही नाहीत. पोहायचं तर बेटाच्या दुसऱ्या बाजूला कामारी किंवा पेरिसाला जायचं. वाळू काळी असते आणि दुपारी पाय भाजतात, चपला न्या. मुलं असतील तर मुक्कामही कामारीलाच करा, गाव सपाट आहे. फिराला बस जाते आणि बेटावरच्या जवळपास सगळ्या बस फिरालाच बदलाव्या लागतात. सँटोरिनीचं एवढं पुरे.

घोटाळा होतो तो क्रीटपाशी, आणि त्याचं मूळ ‘बेट’ या शब्दात आहे. बेट म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे चारी बाजूंनी पाणी असलेली, संध्याकाळपर्यंत पालथी घालता येईल अशी जागा येते. सँटोरिनीला हे चित्र लागू पडतं. सुमारे 76 चौरस किलोमीटरचं ते बेट, कुठेही उतरलात तरी दुसरं टोक तासाभरात गाठता येतं. क्रीट 8,336 चौरस किलोमीटरचं आहे. त्यात शंभरावर सँटोरिनी मावतील. आपल्या ओळखीच्या मापात सांगायचं तर गोव्याच्या सव्वादोन पट. गोव्यात मुक्काम उत्तरेला की दक्षिणेला यावर घरात दोन दिवस खल होतो, कारण पेडणे आणि काणकोण एका सुट्टीत उरकत नाहीत हे आपल्याला माहीत असतं. तीच माणसं क्रीटला मात्र एक हॉटेल घेतात आणि नकाशावर चारी दिशांना टाचण्या टोचतात.

नकाशा फसवतो, कारण क्रीट लांबोळकं आहे. पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर, आणि उत्तर-दक्षिण रुंदी कुठे साठ तर कुठे जेमतेम बारा. वाटतं, पट्टीसारखं बेट आहे, सरळ गेलं की झालं. पण या पट्टीच्या कण्यावर डोंगर उभे आहेत. प्सिलोरितिस 2,456 मीटर, पश्चिमेकडच्या पांढऱ्या डोंगरांतलं पाहनेस 2,453. आपलं कळसूबाई 1,646 मीटरचं आहे, त्यावरून अंदाज घ्या. दक्षिण किनाऱ्याकडे जाणारा प्रत्येक रस्ता यातून वळणं घेत उतरतो. मागच्या सीटवर मूल असेल आणि त्याला गाडी लागत असेल, तर वीस किलोमीटरला पाऊण तास धरा.

आता त्या चार नावांकडे येऊ. हेराक्लिऑन बेटाच्या साधारण मध्यावर, उत्तर किनाऱ्याला आहे. क्नोसोस तिथून पाच किलोमीटरवर, ते सोपं. स्पिनालोंगासाठी पूर्वेला आयिओस निकोलाओसच्या पुढे जायचं, तास-सव्वा तास, मग बोट. हेही एका दिवसात जमतं. पण बालोस आणि एलाफोनिसी दोन्ही अगदी पश्चिम टोकाला आहेत. आधी हेराक्लिऑन ते हानिया सुमारे 140 किलोमीटर, अडीच तास. हानियाहून एलाफोनिसी पुढे 75 किलोमीटर, डोंगरातून, आणखी दीड तास. बालोसला किसामोस गावापर्यंत जायचं आणि मग एक तर बोट पकडायची, नाहीतर खडकाळ कच्च्या रस्त्यानं गाडी न्यायची. भाड्याच्या गाडीचा विमा बहुतेक वेळा त्या रस्त्यावर लागू होत नाही, म्हणून मी बोटच सुचवते.

म्हणजे हेराक्लिऑनला राहून एलाफोनिसीला पोहायला जाणं हे पुण्यात राहून अलिबागला पोहायला जाण्याहून लांब आहे. आठ तास गाडीत, तीन तास पाण्यात, आणि परतीच्या अंधारात घाट. पहिल्या खेपेला आम्ही नेमकं हेच केलं होतं. सासूबाईंचे पाय सुजले, मुलगा वाटेतल्या रेथिम्नो शहराच्या आधी दोनदा ओकला, आणि त्या दिवसाचे फोटो आमच्यातलं कुणी आजही पुन्हा उघडत नाही.

उत्तर किनाऱ्याच्या महामार्गाबद्दलही दोन शब्द, कारण ‘महामार्ग’ म्हटलं की द्रुतगती मार्ग डोळ्यापुढे येतो. हा रस्ता, तिथले लोक त्याला व्होआक म्हणतात, बऱ्याच ठिकाणी येण्या-जाण्याला एकेकच मार्गिका असलेला आहे. हळू जाणाऱ्यानं कडेच्या पट्ट्यावर अर्धी गाडी सरकवायची आणि मागच्यानं मधून पुढे निघायचं, असा तिथला रिवाज. भारतातून येणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून काढून न्यावा आणि गाडी उजवीकडून चालवायची सवय पहिल्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर करावी. चालवायची नसेल तर उत्तर किनाऱ्यानं केटेलच्या बस उत्तम आहेत, पण त्या तुम्हाला शहराशहरांत नेतात, लपलेल्या किनाऱ्यांवर क्वचितच.

तेव्हा क्रीट ठरवताना पहिला प्रश्न ‘काय काय बघायचं’ हा नसावा. कुठलं टोक, हा असावा. पाच-सहा दिवसांच्या सुट्टीत एकच टोक घ्या आणि दुसरं पुढच्या वेळेला ठेवा. माझं मत स्पष्ट आहे: मुलं दहाच्या आतली असतील तर हानिया. जुनं व्हेनेशियन बंदर, संध्याकाळी दीपगृहापर्यंत फेरफटका. एलाफोनिसीचं पाणी इतकं उथळ की मूल गुडघाभर पाण्यात दूरवर चालत जातं. वाळू गुलाबी असते ती पट्ट्यापट्ट्यांत, शंख-शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे. अख्खा किनारा गुलाबी दाखवणारे फोटो रंगवलेले आहेत, आणि ती वाळू बाटलीत भरून आणायला बंदी आहे. रेथिम्नोच्या वाटेवर कुर्नास नावाचं गोड्या पाण्याचं तळं आहे, पायडल मारायच्या होड्या आणि काठावर कासवं. माझ्या मुलाला एलाफोनिसीपेक्षा तेच जास्त आठवतं. सामारियाची घळ मात्र या सुट्टीत नको. सोळा किलोमीटर दगडांतून उतरायचं आणि शेवटी बोटीनंच बाहेर पडायचं, अर्ध्यातून परत फिरायची सोय जवळजवळ नाही.

आजोबांना इतिहासाची ओढ असेल तर हेराक्लिऑन. क्नोसोसला दार उघडताच पोहोचा, दहानंतर सावली शोधावी लागते. तिथले लाल खांब आणि भिंती बऱ्याच अंशी ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सनं 1900 पासून सुरू केलेल्या उत्खननानंतर सिमेंटनं उभारलेल्या आहेत, हे आधी सांगून ठेवा. खरी चित्रं, बैलावरून उडी मारणारा तरुण, हातांत साप धरलेल्या देवीची मूर्ती, फाइस्टोसची चकती, हे सगळं शहरातल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. वेळ कमी असेल तर मी क्नोसोस आटोपतं घेईन आणि संग्रहालयाला तीन तास देईन.

आणि दोन्ही टोकं हवीच असतील तर विमान हानियाला उतरवा आणि परतीचं हेराक्लिऑनहून घ्या, किंवा उलट. अथेन्सहून दोन्हीकडे तासाभराच्या आतलं उड्डाण आहे. गाडी एका गावात घेऊन दुसऱ्यात सोडता येते, थोडे पैसे जास्त पडतात. एवढ्या एका बदलानं परतीचा 140 किलोमीटरचा फेरा वाचतो.

हेराक्लिऑनहून सँटोरिनीला उन्हाळ्यात वेगवान बोट आहे, दोन तासांच्या आसपास. ही बोट दिसली की लोकांना दोन्ही बेटं जवळची वाटू लागतात आणि ‘एका दिवसात सँटोरिनी’ कार्यक्रमात घुसतं. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेकडचा वारा सुटतो. जोर वाढला की आधी याच वेगवान बोटी रद्द होतात, आणि ज्या सुटतात त्यांत निम्मे प्रवासी पिशवी तोंडाशी धरून बसतात. आजी-आजोबांना यात घालू नका. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरलात तर वारा निवळलेला असतो आणि समुद्र अजून कोमट.

जेवणात फारसा फरक नाही, शाकाहारी माणसाचं दोन्हीकडे छान निभतं. सँटोरिनीला फावा नावाची पिवळ्या डाळीची घट्ट चटणीवजा डिश मागवा. ती डाळ आपल्या विदर्भातल्या लाखोळीची सख्खी नातेवाईक आहे, भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला चव ओळखीची वाटेल. क्रीटला दाकोस, म्हणजे जवाच्या कडक पावावर टोमॅटो, मऊ चीज आणि ऑलिव्हचं तेल, आणि होर्ता, म्हणजे लिंबू पिळलेली उकडलेली रानभाजी. ‘निस्तीसिमो’ असं विचारलंत तर उपासाचे पदार्थ सांगतील. त्यात मांस, अंडी, दूध नसतं, पण कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात, तेवढं आठवणीनं विचारून घ्या.

एक शेवटचं, बुकिंग करताना. आक्रोतिरी नावाची जागा दोन्ही बेटांवर आहे. सँटोरिनीची आक्रोतिरी म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं प्राचीन गाव. क्रीटचं आक्रोतिरी म्हणजे हानियाचा विमानतळ असलेलं द्वीपकल्प. हॉटेलच्या पत्त्यात नुसतं आक्रोतिरी दिसलं तर पैसे भरण्याआधी बेटाचं नाव वाचा.