गुडघेरोपणानंतरची स्थिती-गती संवेदना

गुडघा किती वाकला आहे, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने हलतो आहे, हे न पाहता कळणे म्हणजे त्याची स्थिती-गती संवेदना. झिजेच्या संधिवातात ती मंदावते. संपूर्ण गुडघा बदलल्यावर ती सुधारते, तशीच राहते की आणखी घटते, याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही.

ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये शरीराच्या या आंतरिक जाणिवेला प्रोप्रिओसेप्शन हे नाव दिले. सांध्याभोवतीचे वेष्टन, हाडांना हाडे जोडणारे अस्थिबंध, मेनिस्कस (गुडघ्यातील हाडांमधल्या कूर्चेच्या गाद्या), स्नायू, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आणि त्वचा या सगळ्यांत ताण व दाब टिपणारे सूक्ष्म ग्राही असतात. त्यांचे संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे आणि लहान मेंदूकडे जातात. यांत मुख्य वाटा सांध्यातील ग्राहींचा, असे दीर्घकाळ मानले जाई. १९७२ मध्ये कंडरेवर कंपन देऊन केलेल्या प्रयोगांनी या समजाला धक्का दिला: अवयव स्थिर असूनही तो हलल्याचा भास व्हायचा, म्हणजे स्नायूंतील ग्राही थेट जाणिवेपर्यंत पोहोचत होते. पुढच्याच वर्षी खुब्याचा कृत्रिम सांधा बसवलेल्या रुग्णांत, वेष्टन काढून टाकलेले असतानाही, स्थितीची जाण बऱ्याच अंशी शाबूत आढळली.

गुडघेरोपणात नेमके काय जाते, हे यामुळे महत्त्वाचे ठरते. कूर्चेचे पृष्ठभाग व दोन्ही मेनिस्कस काढले जातात. गुडघ्याच्या आत एकमेकांना छेदणारे दोन क्रुशिएट अस्थिबंध असतात; त्यांतला पुढचा कृत्रिम सांध्याच्या बहुतेक रचनांत काढावा लागतो. मागचा क्रुशिएट काही रचनांत राखतात, काहींत त्याचे काम प्लास्टिकचा उंचवटा करतो. तो राखला तर संवेदना चांगली राहील, ही अपेक्षा तर्काला धरून आहे. पण तुलनात्मक अभ्यासांत तसा ठाम फरक सातत्याने दिसलेला नाही. त्वचेच्या छेदात एक छोटी नस कापली जाते आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा राहतो. रुग्ण याची तक्रार हमखास करतात, चालण्यावर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. बाजूचे अस्थिबंध, वेष्टनाचा काही भाग आणि स्नायू शिल्लक राहतात.

सुधारणेची कारणेही शस्त्रक्रियेतच आहेत. झिजलेल्या सांध्यात हाडांमधले अंतर कमी होऊन अस्थिबंध सैल पडतात. रोपणात त्यांचा ताण पुन्हा जुळवला जातो. वेदना आणि सांध्यात साचलेले पाणी मांडीच्या पुढच्या स्नायूला दाबून ठेवतात. ते ओसरल्यावर स्नायू मोकळेपणाने काम करू लागतो. अर्थात हे लगेच घडत नाही. पहिल्या आठवड्यांत सूज असते, स्नायू दुबळा असतो, आणि जिना उतरताना रुग्ण पावलाकडे बघत बघत उतरतो.

मापनाचा भाग या विषयातला सगळ्यात निसरडा आहे. स्थितीच्या चाचणीत रुग्णाचे डोळे झाकतात, गुडघा ठरावीक अंशापर्यंत वाकवून काही सेकंद धरतात, सरळ करतात आणि तोच कोन पुन्हा साधायला सांगतात. चूक अंशांत मोजतात. गतीच्या चाचणीत यंत्र पाय अगदी संथ, सेकंदाला अर्धा अंश किंवा त्याहूनही कमी वेगाने हलवते. हालचाल जाणवताच रुग्ण बटण दाबतो. पायाला यंत्राचा स्पर्श कळू नये म्हणून हवा भरलेली पिशवी लावतात. बसून घेतलेली चाचणी आणि पायावर भार टाकून घेतलेली चाचणी यांचे निष्कर्ष जुळतीलच असे नाही, त्यामुळे निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करणे धोक्याचे. दुसऱ्या गुडघ्याशी तुलना करण्यातही फसगत आहे: एकाच गुडघ्याला संधिवात असलेल्यांत न दुखणाऱ्या गुडघ्याची जाणही कमी आढळू शकते. वयाचा परिणाम वेगळाच.

१९९१ च्या एका ब्रिटिश अभ्यासात रोपणानंतर स्थितीची जाण संधिवाताच्या गुडघ्यापेक्षा बरी आढळली. ज्यांची जाण कमी होती, त्यांच्या गुडघ्याला लवचीक पट्टी गुंडाळल्यावर चूक आणखी घटली. त्वचेवरचा नुसता दाबही मदत करतो, हे त्यातून दिसले.

पुनर्वसनात मांडीच्या स्नायूंची ताकद वाढवण्याबरोबर एका पायावर उभे राहणे, एका रेषेत पावले टाकणे, मऊ पृष्ठभागावर तोल सांभाळणे असे व्यायाम देतात. त्यांनी तोल आणि चाल सुधारू शकते. कोनातली चूक मात्र त्याच प्रमाणात कमी होतेच असे नाही. त्यामुळे प्रगती ठरवताना फिजिओथेरपिस्ट अंशांपेक्षा जिना, खुर्चीतून उठणे आणि डोळे मिटून उभे राहणे यांकडे जास्त लक्ष देतात.